बेलमधून मारलेली हाक

माझा पाय मोडला तो मांजलपूरच्या भाजीबाजारात, स्कूटर स्टँडवर लावताना. स्कूटर कलली, मी तिच्याखाली आले आणि घोट्याच्या वरचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला, वरून प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी बजावलं, की पुढचे काही आठवडे त्या पायावर अजिबात भार टाकायचा नाही. फतेगंजच्या ऑफिसात रजा कळवली आणि आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे छोट्या बैठ्या घराच्या, मागच्या खोलीत मी पलंगाला खिळले.

नवरा सकाळी मकरपुऱ्याला कारखान्यात जायचा. दुपारी कामाच्या बाई यायच्या, त्यांच्याकडे किल्ली होती. मधला सगळा वेळ घरात मी एकटी. बंगळूरला असलेल्या मुलीला त्या मधल्या वेळाची काळजी लागली आणि तिनं एक कॅमेरावाली बेल पाठवून दिली.

"आई, कोणी आलं तरी तू उठायचं नाही," तिनं फोनवर सांगितलं. "बेल वाजली की माणूस तुझ्या मोबाइलवर दिसेल. पडल्या पडल्या त्याच्याशी बोल. काय ते सांग आणि वाटेला लाव."

बेल बसली. काळी, हातभर नाही पण वीतभर उंच, तिच्या बटणाभोवती निळ्या दिव्याचं कडं. आतून कोणी बघायला लागलं की ते कडं उजळायचं. दिसायचं अगदी लख्ख. ऐकूही सगळं यायचं, दारापुढच्या ओटल्यावरच्या, म्हणजे ओट्यावरच्या, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या तरी मला पलंगावर कळायचं. माझा आवाज तेवढा बाहेर जायचा नाही.

हे पहिल्यांदा कळलं ते कुरियरवाल्यामुळे. त्यानं बेल वाजवली, मी फोन उचलला.

"बेन, पार्सल छे! कोई छे घरमां?"

"भाई, हिंचका पर मूकी दो," मी म्हटलं.

तो बेलकडे बघत राहिला. मग वाकून त्यानं कान जवळ आणला. त्याचा कान माझ्या अख्ख्या स्क्रीनवर पसरला.

"शुं?"

"हिंचका पर! झोपाळ्यावर ठेव!" मी ओरडले. ओरडताना पायातून कळ गेली.

"आवाज नथी आवतो," असं स्वतःशीच म्हणत तो गेला. थोड्या वेळानं मला मेसेज आला, की ग्राहक घरी नसल्यामुळे पार्सल परत नेलं आहे.

रविवारी नवऱ्यानं बाहेर उभं राहून परीक्षा घेतली. मी आतून बोलत होते, तो बेलला कान लावून उभा होता. आत येऊन म्हणाला, "येतोय आवाज. पण डबीत कोंडलेला भुंगा बोलावा तसा. शेजारच्या प्लॉटवर टाइल्स कापायचं मशीन चालू झालं की तोही नाही."

ॲपमध्ये आवाज पूर्ण वाढवलेला होता. मुलीनं तिकडून पुन्हा पाहिला, तिलाही पूर्णच दिसला. मग मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला. एक मुलगी हिंदीत फार गोड बोलत होती.

"मॅडम, व्हॉल्यूम फुल पर है?"

"फुल पर है."

"तो मॅडम, इससे ज़्यादा नहीं होगा."

"पर बाहर सुनाई नहीं देता."

"मॅडम, सिस्टिम में आपका स्पीकर ठीक दिखा रहा है."

बंद करून चालू केलं. ॲप काढून पुन्हा टाकलं. स्पीकरच्या भोकांवर प्लास्टिकचा कागद राहिला असेल म्हणून नवऱ्यानं नखानं खरवडून पाहिलं, कागद नव्हताच. रोज नवा माणूस फोनवर यायचा, मी रोज सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची आणि तो म्हणायचा, की स्पीकर चालू आहे म्हणजे बिघाड नाही, त्यामुळे बदलून मिळणार नाही. मला त्यांच्यावर चिडताही येईना. खरंच, बिघाड नव्हताच. आवाज येत होता. फक्त कोणाला ऐकू जात नव्हता.

मग मी नाद सोडला. गॅसवाला आला, गेला. समोरच्या सोसायटीतल्या बेन डबा घेऊन आल्या, "सूता लागे छे," म्हणजे झोपलेली दिसते, असं म्हणून डबा झोपाळ्यावर ठेवून गेल्या. मी फोनवर नुसती बघत असायची. कोणी कपाळावर आठ्या घालायचं, कोणी कॅमेऱ्यात बघून केस नीट करायचं. आपण त्यांना बघतोय आणि त्यांच्या लेखी आपण घरातच नाही, याची हळूहळू सवय झाली.

आणि एका सकाळी दादा आला.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून बराच मोठा. कारेलीबागेत आमच्या आईवडिलांच्या घरात तो आणि वहिनी राहतात. विज्ञानाचा मास्तर होता, आता निवृत्त आहे. आई गेल्यापासून तो माझ्या घरी आला नव्हता आणि मी त्याच्या. आईच्या शेवटच्या आजारात मला वाटत होतं, तिला दवाखान्यात न्यावं. दादाला वाटत होतं, तिला घरातून हलवू नये. आई घरीच गेली. तेराव्याला पानं उचलली गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांना जे बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोघंही बोललो. नंतर लग्नामुंजीत समोरासमोर यायचो, तो मान हलवायचा, मी मान हलवायची, आणि दोघं आपापल्या रांगेत जेवायला बसायचो. एकाच गावात राहून वर्षं अशीच गेली.

त्या सकाळी फोन वाजला, मी सवयीनं स्क्रीन पाहिली आणि दाराबाहेर दादा उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. केस सगळे पांढरे झालेले. फोनच्या लहानशा पडद्यावर तो मला लहानखुरा वाटला.

मी आजारी आहे, एवढं त्याला कोणाकडून तरी कळलं असणार. मी घाईनं बोलायचं बटण दाबलं.

"दादा! दादा, थांब. मी आत आहे. मला उठता येत नाही."

दादानं बेलकडे पाहिलं. निळं कडं उजळलेलं होतं, त्याचा उजेड मला त्याच्या चष्म्यात दिसत होता.

"दादा, ऐकू येतंय का? पाय मोडलाय माझा. बाई येतील किल्ली घेऊन. तोवर झोपाळ्यावर बस."

त्यानं घसा साफ केला. कॅमेऱ्यात सरळ बघत म्हणाला, "मी आलोय."

एवढंच. आवाज त्याचा मास्तरांचा, खणखणीत, माझ्या उशीशी बसून बोलावं तसा ऐकू आला. मी तेच पुन्हा सांगितलं, जोरानं सांगितलं. शेजारी टाइल्स कापायचं मशीन सुरू झालं होतं. दादा उभाच होता. त्यानं बेल दुसऱ्यांदा वाजवली नाही. वाजवणार नव्हताच. आमच्या आजोबांनी संस्थानच्या नोकरीत जन्म काढला, त्यांनी सगळ्या घराला लावलेली शिस्त होती ती. बेल एकदा वाजवायची आणि थांबायचं. दुसऱ्यांदा वाजवणं म्हणजे यजमानाला घाई करणं.

मला कळून चुकलं, की हा आता थोडा वेळ थांबेल आणि निघून जाईल.

मी वॉकर ओढला. डॉक्टरांनी मना केलं होतं, तरी मोडका पाय अधांतरी धरून उठले. फोन गाऊनच्या खिशात, त्यातून बाहेरचे आवाज येतच होते, दादाचं खाकरणं, मशीनची किरकिर. मागच्या खोलीतून बाहेरच्या दारापर्यंतचं अंतर धडधाकट माणसाला काहीच नाही. मी वॉकर पुढे सरकवायची, त्यावर अंग टाकायची, चांगला पाय उडीसारखा पुढे घ्यायची. स्वयंपाकघराच्या दाराशी घामाघूम झाले. "आले रे दादा, आले," असं म्हणत होते, पण खिशातल्या फोनचं बटण दाबलेलं नव्हतं, त्यामुळे ते बेललासुद्धा ऐकू गेलं नसेल.

हॉलमध्ये पोचले तेव्हा खिशातून दादाचा आवाज आला, "बरं." मग त्याच्या चपलांचा आवाज, ओटल्याच्या पायऱ्या उतरल्याचा.

मी कशीबशी कडी काढली, दार उघडलं. दादा फाटकाबाहेर गेला होता. पिशवी त्यानं फाटकाला अडकवली होती आणि पाठमोरा उभा राहून तो स्कूटर स्टँडवरून काढत होता. दाराचा उंबरा ओलांडून वॉकर बाहेर काढणं मला शक्य नव्हतं. चौकट धरून मी हाक मारली.

"दादा!"

नेमकं तेव्हा शेजारचं मशीन बंद होतं. हेल्मेट अजून स्कूटरच्या आरशाला लटकत होतं, डोक्यावर नव्हतं. हे मी नीट पाहिलं, कारण नंतर कितीतरी वेळ मी तेच आठवत राहिले. समोरच्या ओटल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बेननीही माझी हाक ऐकून मान वळवली. दादानं वळवली नाही.

मी पुन्हा ओरडले, "दादा, अरे दादा!"

त्यानं हेल्मेट घातलं, स्कूटर सुरू केली आणि गेला.

मी तिथेच खुर्ची ओढून बसले. त्याला फोन लावला, वाजत राहिला, त्यानं घेतला नाही. स्कूटरवर आहे, कसा घेईल, असं मनाला सांगितलं. पुन्हा लावला. मग वाटलं, त्यानं ऐकलं होतं. दोनदा ऐकलं होतं. मी आत असून दार उघडायला वेळ लावला, म्हणून तो चिडून गेला. इतक्या वर्षांनी स्वतः होऊन आला होता आणि मी त्याला दारात उभं ठेवलं, असंच त्याला वाटणार. मला रडू यायला लागलं, आणि पाय इतका ठणकत होता, की रडणं पायाचं की दादाचं, मला सांगता आलं नसतं.

परत पलंगावर जाऊन पडले तोच फोननं सूचना दिली, दाराशी हालचाल आहे. दादाच परतला असेल म्हणून मी झडप घालून बघितलं. फाटकाशी गाय होती. तिनं कापडी पिशवीत तोंड घातलं होतं. पिशवीतून पेरू बाहेर पडत होते, आमच्या कारेलीबागेतल्या परसातले, मोठे, पिवळे. ते झाड मला लांबून पेरू बघूनही ओळखता येतं.

"हट्!" मी बेलमधून ओरडले. "हट् हट्! जा!"

गाईनं कानसुद्धा हलवला नाही. सावकाश एकेक पेरू खाल्ला. मी सगळं बघत होते, चावण्याचा आवाजही मला ऐकू येत होता. शेवटी मीच स्क्रीन बंद केली.

दुपारी बाई आल्या, त्यांनी फाटलेली पिशवी आत आणली. दुपार कलल्यावर मी धीर करून वहिनींना फोन केला. त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं, पण बोलणंही सुटलं होतं.

"वहिनी, दादा आला होता."

"हो," त्या म्हणाल्या. "वन्सं, दार उघडायचं नव्हतं तर नसतं उघडलं. पण तुम्ही आतून बघत होता म्हणाले हे. निळा दिवा लागला होता म्हणे. जेवलेसुद्धा नाहीत आल्यापासून."

"अहो वहिनी, मी बोलत होते! बेलमधून बोलत होते, बाहेर ऐकू जात नाही. मग उठून दारापर्यंत आले. त्याला हाका मारल्या, मोठ्यानं मारल्या. त्यानंच मागं वळून पाहिलं नाही."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हाका मारल्यात?"

"दोनदा. समोरच्या बेननी ऐकल्या, त्यानं नाही ऐकल्या?"

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्यांना ऐकू येत नाही हो आता. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी सांगत गेल्या. निवृत्त व्हायच्या आधीपासूनच कमी ऐकू येत होतं. वर्गात मुलं हसायला लागली, तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं. आता डावा कान गेल्यातच जमा आहे आणि उजव्याशी तोंड नेऊन बोलावं लागतं. कानाचं मशीन आणलं आहे, पण घालत नाहीत, भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा येतो म्हणतात. फोनवर तर मुळीच नाही. फोन वाजलेलाही कळत नाही.

लग्नामुंजीत दुरून मान हलवणारा दादा मला आठवला. तेव्हाही मी काही बोलले असते तर त्याला ऐकू गेलं नसतं आणि मी समजले असते, की अजून राग आहे.

"त्याला द्या ना फोन," मी म्हटलं आणि लगेच कळलं, काय बोलले ते.

"देऊन काय करू?" वहिनी म्हणाल्या.

मी मेसेज लिहिला. "दादा, मी आत बोलत होते, बेलचा आवाज बाहेर येत नाही. मी दारात येऊन हाक मारली." लिहिलेलं वाचलं तर ते मलाच सबबीसारखं वाटलं. तरी पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत मी फोन उलटा करून ठेवत होते आणि सुलटा करत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्या बेलमध्ये रेकॉर्डिंग राहतं. बघ तरी." आणि खरंच होतं. दादा उभा आहे, निळा उजेड चष्म्यात पडलाय आणि माझा आवाज, स्वच्छ, मोठा, "दादा, थांब, मी आत आहे, मला उठता येत नाही." मला त्या बेलचीच चीड आली. बाहेर उभ्या माणसाला जे ऐकवता येत नव्हतं, ते या डबीनं स्वतःपाशी इतकं नीट जपून ठेवलं होतं. मी ते वहिनींना पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, मी दोनदा ऐकलं. मग ह्यांच्या उजव्या कानाशी धरलं, काही कळेना. मग मशीन घालायला लावलं, तर नुसती घरघर आली. शेवटी मीच तुमचं वाक्य न् वाक्य त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, ती म्हणते तर बोलली असेल. पण मग विचारत होते, मी काय बोललो ते तिला ऐकू गेलं का?"

"गेलं म्हणावं. सगळं गेलं."

पुढच्या रविवारी दोघं आली. नवरा घरी होता, त्यानं बेल वाजायच्या आधीच दार उघडून ठेवलं होतं. दादा माझ्या खोलीत आला, पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला. प्लास्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. वहिनी चहा करायला आत गेल्या, नवराही त्यांना डबे दाखवायच्या निमित्तानं गेला. मुद्दाम गेला, हे मला कळलं.

"मला माहीत नव्हतं, तुला ऐकू येत नाही ते," मी म्हटलं.

दादानं मान हलवली.

"आईच्या वेळी मी जे बोलले, दादा..."

त्यानं पुन्हा मान हलवली. अगदी तशीच. मी बोलणं थांबवलं. मी बघितलं, तो माझ्या ओठांकडे बघत होता आणि ओठ थांबले की मान हलवत होता. त्याला एक अक्षर पोचलं नव्हतं. वर्गातल्या मुलांना कळू नये म्हणून शिकला असेल असं करायला.

मी पुढे झुकून त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊ शकले असते. पाय सरकवून तेवढं जमलं असतं. पण तिथे ओरडावं लागलं असतं. स्वयंपाकघरात वहिनींना, नवऱ्याला, खिडकीबाहेर बांधकामावरच्या माणसांना ऐकू जाईल एवढं ओरडावं लागलं असतं. आईबद्दल आम्ही एकदाच ओरडून बोललो होतो. मला सांगायचं होतं ते तसं ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं. लिहून देता आलं असतं, पण लिहायला घेतलं असतं तर ते पुन्हा सबबीसारखं झालं असतं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता, तो फक्त मलाच येत होता.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, मास्तरांच्या त्या मोठ्या आवाजात, "दुखतं का?"

"आता नाही," मी म्हटलं. मानही हलवली, नाही म्हणून.

तो माझ्या प्लास्टरकडे बघत होता, मान त्यानं पाहिलीच नाही. "दुखणारच," असं म्हणत तो उठला. खुर्चीवरची उशी काढून त्यानं दोन्ही हातांनी माझा पाय हळूच उचलला आणि उशी खाली सरकवली. उशी जरा चुकीच्या ठिकाणी गेली, टाचेखाली. त्यामुळे आधी नव्हतं ते दुखायला लागलं. चहा येईपर्यंत पाय तसाच राहू दिला.